स्पेसिफिकेशनचे पारायण

दूरध्वनीच्या दृष्टीने मीरा-भाईंदर ही मुंबईच आहे, कारण तिचा एसटीडी क्रमांक ०२२ आहे. टपालखात्याच्या दृष्टीने ती मुंबई नाही, कारण मुंबईचे पिनकोड ४०० ने सुरू होतात आणि मीरा रोडचा ४०११०७, तर भाईंदर पूर्वेचा ४०११०५ आहे. परिवहन खात्याने येथील मोटारींना वर्षानुवर्षे ठाण्याचा एमएच-०४ हा क्रमांक दिला. आणि दहिसरच्या टोलनाक्याने तर या शहराला सरळसरळ परदेश मानले, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळेपर्यंत येथील माणसाला बोरिवलीच्या मेहुण्याकडे गाडीने जेवायला जायचे असले, तर आधी ४५ रुपये मोजावे लागत आणि मग ते जेवण फुकटचे राहत नसे. १९८५ साली नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या, २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार ३७८ लोकसंख्या नोंदवलेल्या या शहरातील बहुसंख्य कुटुंबे येथे हिशेब करून आलेली आहेत. बोरिवलीच्या पुढे दोन स्थानके गेले की तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळते, हा तो हिशेब होय. आणि ज्या शहराची वस्तीच ‘एवढ्या पैशांत आणखी काय मिळेल’ या प्रश्नावर वाढली, तेथे प्रस्तुत लेखाचा विषय असलेली व्यक्ती घरटी नाही तरी इमारतीगणिक एक निपजावी, यात नवल नाही.

ही व्यक्ती म्हणजे तंत्ररसिक. तंत्रज्ञ आणि तंत्ररसिक यांच्यातील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे: बिघाड दुरुस्त केल्याबद्दल तंत्रज्ञाला पैसे मिळतात, तंत्ररसिकाला चहा मिळतो. नव्या फोनच्या विक्रीच्या पहिल्याच दिवशी दुकानाबाहेर रांग लावणारा धनिक हाही तंत्ररसिकांत मोडत नाही, कारण त्याला फोन हवा असतो आणि तंत्ररसिकाला फोनविषयीचा निर्णय हवा असतो. स्पेसिफिकेशन, म्हणजे वस्तूचे घटक, मापे आणि क्षमता यांची उत्पादकाने दिलेली यादी, हा त्याचा नित्यपाठ असून, जी वस्तू तो या जन्मी विकत घेणार नाही तिच्या यादीचेही तो सकाळच्या लोकलमध्ये दाराशी एका पायावर उभा राहून मीरा रोड ते अंधेरी असे पारायण करतो. खरेदी झाली की तुलना संपते आणि तुलना संपली की आनंद संपतो. म्हणून दिवाळीत भाव उतरतील, दिवाळीनंतर नवे मॉडेल येईल, नवे आले की जुने स्वस्त होईल आणि जुने स्वस्त होईपर्यंत त्याहून नवे येईल, अशा क्रमाने तो खरेदी पुढे ढकलत राहतो. जे यंत्र अजून बाजारात आलेलेच नाही त्याच्या बॅटरीवरून दोन तंत्ररसिकांनी कडाडून भांडावे, हे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी या म्हणीचे अद्ययावत रूप मीरा रोडच्या सृष्टी किंवा शांतीनगर या वसाहतींतल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर पाहता येते. घरात या वृत्तीकडे कौतुकाने पाहिले जाईलच असे नाही.

‘‘अहो, फ्रिज बंद पडून चार दिवस झाले. अजून किती वाचायचं राहिलंय?’’

‘‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं तेवढं संपू दे, की लगेच घेऊ.’’

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर म्हणजे पूर्ण वेगाने चालू किंवा पूर्ण बंद असे न करता, गरजेनुसार मोटारीचा वेग कमीजास्त करून वीज वाचवणारी यंत्रणा. आणि चार दिवसांत नासलेल्या दुधाची किंमत या बचतीतून वजा करायची की नाही, यावर त्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.

तंत्ररसिकाच्या घडणीत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडचा वाटा मोठा आहे. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असून ते मुख्यतः पाटीलाच माहीत आहे. संगणक ही घरात आणायची वस्तू झाली त्या काळात येथे ‘असेंबल्ड’ संगणक मिळत असे, म्हणजे मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, हार्ड डिस्क तिसरीची आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. तंत्ररसिक एकच यादी घेऊन पाच दुकाने फिरे, पाच कोटेशने घेई, पाचव्या दुकानात दीडशे रुपये वाचवी आणि त्या आनंदात खाण्यापिण्यावर व हमालीवर दोनशे घालवी. मग काचेच्या नळीचा तो अवजड मॉनिटर खोक्यासह घरी नेण्याचा प्रश्न येई. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मधल्या स्थानकांवर उतरू पाहणाऱ्या प्रवाशाचे रिकाम्या हातांनीही स्वागत होत नाही, म्हणून शहाणा माणूस भाईंदर लोकलची वाट पाही आणि मालडब्यात, मासे विकून परतणाऱ्या कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी, खोके पोटाशी धरून बसे.

‘‘टीव्ही घेतला का रं, दादा?’’

‘‘मॉनिटर आहे, मावशी.’’

‘‘चित्र दिसतं ना त्यात? मंग टीव्हीच.’’

या विधानाचे खंडन करण्यात तंत्ररसिकाचा अंधेरी ते दहिसर हा वेळ जाई. परंतु पुढे त्याच आकाराच्या पडद्यांवर घरोघरी मालिका पाहिल्या जाऊ लागल्या, हे लक्षात घेता दूरदृष्टी कोणाची होती, याचा निकाल मावशींच्या बाजूने द्यावा लागतो.

असेंबल्ड संगणकाच्या शास्त्रात एका घटकाकडे नेहमीच दुर्लक्ष झाले, तो म्हणजे एसएमपीएस. घरातील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन संगणकाच्या आतील भागांना लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज पुरवणारी ही पत्र्याची पेटी आहे. प्रोसेसरची जाहिरात होते, रॅमची चर्चा होते; एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर ‘आतच येतो’, जसा माउसपॅड येतो. त्यावर ४५० वॉट छापलेले असते आणि छपाईचा खर्च सोडला तर त्या आकड्यामागे फारसे काही असेलच याची शाश्वती नसते. तंत्ररसिक प्रत्येक नातेवाइकाला पोटतिडकीने सांगतो की बाकी कशातही काटकसर करा, एसएमपीएसमध्ये करू नका. नातेवाईक मान डोलावतो, ते सातशे रुपये वाचवून स्पीकर घेतो आणि पावसाळ्यातल्या पहिल्या झटक्याला मदरबोर्ड जळाला की तंत्ररसिकालाच बोलावतो.

मीरा-भाईंदरच्या हवेचाही येथे विचार केला पाहिजे. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये मिठागरे आणि कांदळवने अशा भूगोलात लोखंडी ग्रिल जितक्या लवकर गंजते, तितक्याच शांतपणे संगणकाच्या आतील जोडही खराब होत असतात. जून संपता संपता एखाद्या घरचा संगणक सुरू करताच पडदा काळाच राहतो आणि आतून लांब, रडवेली शिटी येत राहते. तंत्ररसिक तेव्हा बोलत नाही. तो प्लग काढतो, कॅबिनेटच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून पत्रा सरकवतो, धुळीच्या जळमटांत बोटे घालून रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबतो आणि पट्टी अलगद उपसून घरातल्या लहान मुलाकडे वळून खोडरबर मागतो. पट्टीच्या कडेला असलेल्या सोनेरी संपर्कांवर ओलाव्याचा आणि धुळीचा जो सूक्ष्म थर बसतो तो विजेचा मार्ग अडवतो, आणि पेन्सिलीचे लिखाण पुसणारा पांढरा रबर त्या संपर्कांवर एकाच दिशेने चार-पाच वेळा फिरवला की तो थर निघतो. पट्टी पुन्हा खाचेत बसवताना दोन्ही खिट्ट्या ‘टक् टक्’ अशा आपोआप मिटल्या पाहिजेत. एकच ‘टक्’ आली तर काम अर्धे झाले. यानंतर संगणक सुरू होतो, यजमान अवाक् होतात, आणि तीन रुपयांच्या वस्तूने तीस हजारांचे यंत्र सुरू केल्याबद्दल तंत्ररसिकाची कीर्ती त्या विंगमध्ये पुढील मृगापर्यंत टिकते. खोडरबर मात्र परत देताना काळा झालेला असतो, त्याबद्दल मुलाची तक्रार राहते.

याच शहरातील उत्तनच्या कोळीवाड्यातील मासेमारांना या कीर्तीची गरज नाही. त्यांच्या होड्यांवर वायरलेस आणि जीपीएस ही यंत्रे आहेत, पण ती घेताना पारायण होत नाही. भिजल्यावर चालेल का, एवढाच प्रश्न विचारला जातो. तंत्ररसिक हाच प्रश्न आयपी मानांकनाच्या भाषेत मांडतो. आयपी ६७ या खुणेतील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास वस्तू तग धरेल, तेही गोड्या पाण्यात. समुद्र खारा असतो, ही बाब मानांकनात बसत नाही आणि उत्तनमध्ये ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

आकडे आणि वस्तुस्थिती यांच्यातील या अंतराचे सर्वांत चांगले उदाहरण हार्ड डिस्क देते. एक टेराबाइटची डिस्क विकत आणून जोडली की विंडोज ९३१ जीबी एवढीच जागा दाखवते आणि ग्राहकाला ६९ जीबी चोरीला गेल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात चोरी झालेली नसते. उत्पादक दशमान पद्धतीने हजार-हजारांचे गट करून एक लाख कोटी बाइट मोजतो. विंडोज तेच बाइट १०२४ च्या गटांनी मोजते आणि उत्तराला मात्र जीबी हेच नाव देते. मीरा रोडच्या माणसाला हे समजावताना तंत्ररसिकाला गणिताची गरज पडत नाही. खोक्यावरचा आकडा हा सुपर बिल्टअप आणि पडद्यावरचा आकडा हा कार्पेट, एवढे म्हटले की २०१७ मध्ये लागू झालेल्या रेरा कायद्याआधी फ्लॅट घेतलेल्या प्रत्येक गृहस्थाच्या चेहऱ्यावर कटू समज उमटते. इंटरनेटच्या वेगातही हाच प्रकार आहे, कारण कंपनी मेगाबिट सांगते आणि फाइल मेगाबाइटमध्ये उतरते, आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने शंभराचे साडेबारा होतात. तरीही येथे कृतज्ञता बाळगली पाहिजे, कारण भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते, आणि त्या वेगावर एक चित्रपट उतरवून घेण्यासाठी तंत्ररसिक रात्री संगणक सुरू ठेवून त्याच्या दिव्याकडे पाहत झोपी जात असे.

संगणकसाक्षरतेच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्वतःचे एक प्रकरण आहे, ते एमएस-सीआयटीचे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना माउस धरायला शिकवले, आणि शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असल्याने निवृत्तीला टेकलेल्या कारकुनांनीही तो नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी बसून पुरा केला. पुढे हेच कारकून निवृत्त होऊन सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि नोटिसा टाइप करू लागले. जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार दिसत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मूळची इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उघडी पडत. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीने हा घोळ मिटवला आहे; परंतु सेक्रेटरींचा सगळा साठा जुन्या फॉन्टमध्ये असल्याने पाणीपुरवठा चोवीस तास बंद राहणार असल्याची सूचना आजही कधीकधी कंस, डॉलर आणि टक्के यांच्या रूपात ग्रुपवर येते, आणि सभासद ती उलगडण्यासाठी तंत्ररसिकाकडे पाठवतात तेव्हा तोही अंगाला साबण लावून नळाकडे पाहत असतो.

या विनामूल्य सेवेला मराठीत लष्कराच्या भाकरी भाजणे म्हणतात. तिचे नियम ठरलेले आहेत. फोन रविवारी दुपारी येतो. पहिले वाक्य ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ हे असते. आणि पडद्यावर नेमके काय लिहून आले होते असे विचारल्यावर ‘ते मी बंद केलं’ हे उत्तर मिळते. प्रिंटरच्या बाबतीत तंत्ररसिक स्वतःही हतबल असतो, कारण प्रिंटर का चालत नाही हे जसे सांगता येत नाही, तसेच तो मधूनच का चालू लागतो हेही सांगता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तर या सेवेवर नवाच ताण आला. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार संपला आणि तिची जागा घेणाऱ्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सांकेतिक किल्ल्या जपणारी चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर अशा अटी घातल्या. म्हणजे उत्तम चालणारे, खोडरबराने वेळोवेळी शुद्ध केलेले लक्षावधी संगणक एका रात्रीत कागदोपत्री म्हातारे झाले. भाडेकरूला घालवायचे असेल तर घरमालक आधी भिंतीला तडा गेल्याचे सांगतो, हे माहीत असलेल्या शहरात ही बातमी फारशा आश्चर्याने ऐकली गेली नाही.

तंत्ररसिकाची खरी परीक्षा मात्र मोटारीत होते, कारण संगणक फसला तर घरातच राहतो, मोटार फसली तर ती स्टिल्टखाली सर्व सभासदांसमोर उभी राहते. मुंबईच्या मोटारीचा इतिहास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यापाशी सुरू होतो. तेथली पद्मिनी टॅक्सीच्या रूपाने एवढी टिकली, की मुंबईतील शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली. परवडणारी मोटार ही कल्पना मध्यमवर्गात रुजवली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली किल्ली देण्यात आलेल्या, ७९६ सीसीच्या मारुती ८०० ने. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या वरखाली होताना मोकळी होणारी एकूण जागा, घन सेंटिमीटरमध्ये. पण मराठी घरांत सीसी कोणी विचारत नाही. ‘किती देते?’ एवढेच विचारतात.

गाडी किती देते याचे अधिकृत उत्तर चाचणीगृहात ठरते, आणि १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेचे नाव त्या आकड्याला कायमचे चिकटले आहे. तेथे मोटार फिरत्या रोलरांवर चढवून, जागच्या जागी, ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-घटवत चालवली जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, एसी बंद असतो, आणि समोरून उलट्या दिशेने रिक्षा येत नाही. गोल्डन नेस्ट सर्कल ते काशीमिरा हे अंतर संध्याकाळी सात वाजता पार करणाऱ्या गाडीला तो आकडा लागू पडत नाही, हे उघड असल्याने तंत्ररसिक स्वतःची चाचणी घेतो. तिला टँक टू टँक म्हणतात: नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, गाडी काही दिवस चालवायची, मग त्याच पंपावर, त्याच नोझलशी, गाडी त्याच उतारावर त्याच कोनात उभी करून पुन्हा तेवढीच भरायची, आणि कापलेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरांनी भागायचे. वही उघडी असते, ओडोमीटरचा फोटो घेतलेला असतो, नोझल खट्कन बंद होते आणि पंपावरचा मुलगा आपुलकीने विचारतो, ‘‘राउंड फिगर करू का, साहेब?’’ साहेब ‘नको’ म्हणेपर्यंत त्याने आणखी सदतीस रुपयांचे पेट्रोल ओतलेले असते आणि महिनाभराचे संशोधन संपलेले असते.

मोटारीच्या लांबीचे शास्त्र याहून रंजक आहे. केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि मर्यादित इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली, आणि त्या दिवसापासून भारतीय अभियंते गाडीची रचना पुढून सुरू करून मागे चार मीटर आले की थांबवू लागले. २००८ ची इंडिगो सीएस आणि २०१२ ची स्विफ्ट डिझायर या डिकी छाटलेल्या गाड्या त्यातून जन्मल्या. डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटर भरली, म्हणजे वाढीव कर आणि तिच्यामध्ये पाच मिलिमीटरचे अंतर राखले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणून वरचा अधिभारही काढला, तेव्हाही ही चार मीटरची रेघ तशीच राहिली. सोसायटीतील पार्किंगची चौकट मात्र बिल्डरने कोणत्या मोटारीचे माप घेऊन आखली, हे कोणत्याही अर्थसंकल्पात सापडत नाही. चार मीटरची गाडी तीत मावते, पण मग चालकाला दार उघडून बाहेर पडता येत नाही.

या सगळ्या प्रकरणात तंत्ररसिकाच्या मनाचा हळवा कोपरा कोणता, असे विचारले तर तो नॅनोचे नाव घेतो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत दाखवलेल्या आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत विक्रीस आणल्याची घोषणा झालेल्या या गाडीने एक लाख रुपये ही किंमत आधी ठरवली आणि मोटार नंतर. दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागे गेले, चाकाला चारऐवजी तीन नट आले, वायपर एकच राहिला, पेट्रोल भरण्याचे तोंड पुढच्या झाकणाखाली गेले, आणि मागे डिकीसारखा दिसणारा भाग २०१५ च्या आवृत्तीपर्यंत बाहेरून उघडतच नव्हता. सामान्य माणूस हे वाचून हसतो. तंत्ररसिक उभा राहून टाळ्या वाजवतो, कारण महागड्या वस्तूत काहीतरी वाढवत जाणे पैशाने साधते, पण काढलेली वस्तू जाणवू न देता काढणे याला बुद्धी लागते. नॅनो चालली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. तिच्या अपयशाची कारणे अनेकांनी दिली आहेत. मीरा रोडपुरते पाहिले तर प्रस्तुत लेखकाच्या मते एकच कारण पुरेसे आहे. येथे सर्वांना स्वस्त गाडी हवी असते, पण तिची किंमत शेजाऱ्याला पाठ असलेली नको असते.

गाडी घेण्याच्या वेळी तंत्ररसिकाने तयार केलेली तुलनात्मक तालिका एका बाजूला आणि गावाहून आलेले काका दुसऱ्या बाजूला, अशी लढत शोरूममध्ये होते. काका बोनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, दार लावून ‘ठप्प’ आवाज ऐकतात आणि ‘पत्रा पातळ आहे’ असा निकाल देतात. धडकेचा जोर प्रवाशांपर्यंत पोहोचू नये म्हणून गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतातच भारत एनकॅप नावाची अपघात-चाचणी सुरू झाली आहे, तिच्यात तारे मिळतात, हे सर्व पुतण्या समजावतो. काका शांतपणे ऐकून घेतात आणि पुन्हा टकटक करतात.

विजेच्या मोटारीचा हिशेब त्याने अर्थातच केलेला आहे. समजा पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे सहा रुपये आणि घरच्या विजेवर भरलेल्या गाडीला दीड रुपया पडला, तर किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचतात; गाडी तीन लाखांनी महाग असेल तर तो फरक भरून निघायला सुमारे ६७ हजार किलोमीटर लागतील; आणि रविवारचा बाजार, दोन लग्ने, मे महिन्यातले कोकण आणि गणपतीतले पुन्हा कोकण असा वर्षाचा प्रवास चार हजार किलोमीटर धरला, तर नफा सतराव्या वर्षी सुरू होईल. शिवाय स्टिल्टखाली चार्जिंगची तार कोणाच्या मीटरवरून न्यायची हा विषय सर्वसाधारण सभेत निघाला, की तो गळती, रंगकाम आणि पुनर्विकास या मार्गाने जाऊन पुढील सभेपर्यंत तहकूब होतो.

तेव्हा आठवड्याचे सहा दिवस त्याची दहा वर्षांची हॅचबॅक धूळ खात उभी राहते आणि तो पासावर लोकलने जातो. लोकलचे तिकीट लागलेच तर रेल्वेच्या जुन्या यूटीएस अ‍ॅपचा एक स्वभाव त्याला परिचित होता: विनातिकीट प्रवाशाने तपासनीस दिसताच तिकीट काढू नये म्हणून स्थानकाच्या आत असताना ते अ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने तिकीट देत नसे, त्यामुळे भाईंदरला फलाटावर पोहोचलेला प्रामाणिक माणूस तिकीट काढण्यासाठी पुन्हा बाहेर रिक्षांच्या गर्दीत जाऊन उभा राही आणि ०९:१२ ची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत सुटे. स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर आतूनही तिकीट निघे. तो कोड ज्या खांबावर असे तो खांब त्या वेळी पन्नास माणसांच्या मागे असे. लोकल गाड्यांविषयी मात्र तो तक्रार करत नाही, कारण ब्रेक लावताना मोटारींमार्फत वीज परत तारेत पाठवणारी, २५ हजार व्होल्टवर धावणारी ही विद्युत गाडी कोणत्याही विजेच्या मोटारीपेक्षा स्वस्त पडते, हे त्याच्या तालिकेतच सिद्ध झालेले आहे. देशातील पहिली वातानुकूलित लोकलही २५ डिसेंबर २०१७ रोजी याच पश्चिम रेल्वेवर धावली, आणि तिच्या पासाची साध्या पासाशी तुलना करण्याचे काम त्याने तेव्हापासून हाती घेतले आहे.

अशा माणसाचा सल्ला आपल्या इमारतीत फुकट मिळत असेल, तर वाचकांनी तो जरूर घ्यावा. फक्त फोन करण्यापूर्वी यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे, पडद्यावर आलेली सूचना खोडण्याऐवजी तिचा फोटो काढून ठेवावा, आणि लॅपटॉप कोणता घ्यावा यावर तीन आठवडे त्याचा खल ऐकून अखेर दुकानदाराने सुचवला तोच घेतला असेल, तर निदान किती रुपये दिले हे त्याला सांगू नये.